‘मी कसला लेखक!’ असे म्हणण्यापूर्वी

साप्ताहिक अभ्यासवर्ग संपलेला असतो. चहाचे पेले गोळा होत असतात. तेवढ्यात वर्ग चालवणारे दादा म्हणतात, “ताई, आज तुम्ही जो अनुभव सांगितलात तो लिहून द्या ना. पुढच्या अंकात घेऊ.” ताई लगेच हात जोडतात. “छे हो, मी कसली लेखिका! बोलले ते बोलले. लिहिणं-बिहिणं आपल्याला नाही जमायचं.” सगळे हसतात, ताईही हसतात आणि विषय तिथेच संपतो. दर महिन्याला जे दोघे-तिघे लिहितात, तेच याही महिन्याला लिहितात.

हा प्रसंग तुमच्याही वर्गात घडला असेल. कदाचित हात जोडणारे तुम्हीच असाल. आणि कदाचित तुमच्या कपाटात, साड्यांच्या किंवा जुन्या पावत्यांच्या खाली, दोन-तीन वह्या असतील. त्यांत तुम्ही कित्येक वर्षे अधूनमधून काही लिहीत आला असाल आणि त्या कोणालाही दाखवल्या नसतील.

आजच्या पाठात आपण त्या एका वाक्याचा अभ्यास करू या. ‘मी कसला लेखक!’ हे वाक्य येते कुठून? त्यात नम्रता किती आणि भीती किती? आणि स्वतःला ‘लिहिणारा’ म्हणवून घेण्याचा विश्वास माणसात कसा येतो?

एका वाक्यामुळे काय हरवते

आधी माझीच चूक सांगतो. आमच्या वर्गाला एक आजोबा येत असत. तरुणपणी ते विनोबांच्या भूदान पदयात्रेत काही आठवडे चालले होते. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात पहिले भूदान मिळाले आणि त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले, हे आपण पुस्तकात वाचतो. आजोबांकडून मात्र वेगळेच ऐकायला मिळे. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात कसे निघायचे, पायाला फोड आले की त्यावर काय बांधायचे, एका गावात जमीन देणाऱ्या शेतकऱ्याची बायको दाराआड उभी राहून कशी रडत होती, आणि ते रडणे आनंदाचे होते की दुःखाचे हे आजोबांना पुढे आयुष्यभर कसे कळले नाही.

मी दर वेळी म्हणायचो, “आजोबा, हे लिहून ठेवायला हवं.” ते म्हणायचे, “माझा हात थरथरतो रे. तू लिही.” आणि मी म्हणायचो, “मी कुठला लेखक? एखादा चांगला लिहिणारा शोधू.” चांगला लिहिणारा शोधण्यात तीन वर्षे गेली. चौथ्या वर्षी आजोबा गेले. आज मला त्यांच्या चार-पाच गोष्टी आठवतात. गावांची नावे, माणसांची नावे, कशानंतर काय घडले, हे सगळे पुसले गेले आहे.

त्या तीन वर्षांत मी स्वतःला नम्र समजत होतो. त्या नम्रतेची किंमत मला मोजावी लागली नाही, आजोबांच्या आठवणींना मोजावी लागली.

आता दुसरे चित्र पाहा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. ऐकणाऱ्यांमध्ये साने गुरुजी होते. त्यांनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. आज आपल्या हातात जी ‘गीता प्रवचने’ आहेत, आणि भारतातल्या कितीतरी भाषांमध्ये जी पोहोचली आहेत, ती त्या लिहून घेण्यामुळे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तेव्हा लिहून व्हायची होती. ती त्यांनी नंतर, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. धुळ्यात त्यांच्यापुढे एकच काम होते. समोर जे अमोल बोलले जात आहे ते विरून जाऊ द्यायचे नाही. आपण त्यासाठी योग्य आहोत की नाही, हे ठरवत बसले असते तर रविवार निघून गेले असते.

नम्रता की भीती?

साधकाला ‘मी लेखक आहे’ असे म्हणायला संकोच वाटतो, आणि त्याला तसे कारणही आहे. अहंकार कमी करण्यासाठीच तर आपण साधना करतो. मग स्वतःला एक नवी पदवी कशाला लावून घ्यायची? हा प्रश्न प्रामाणिक आहे.

पण जरा थांबून पाहा. ‘मी मोठा लेखक आहे’ या वाक्यात जसा ‘मी’ आहे, तसाच ‘मी कसला लेखक’ या वाक्यातही आहे. दोन्ही वाक्यांत लक्ष स्वतःकडेच आहे. पहिल्या वाक्याला लोकांची वाहवा हवी आहे, दुसऱ्याला लोकांचे हसू नको आहे. दोघांनाही लोक काय म्हणतील हेच महत्त्वाचे वाटते. ज्याची आठवण लिहायची, ज्याच्या उपयोगी ती पडायची, तो माणूस या दोन्ही वाक्यांत कुठेच नाही.

मग खरी नम्रता ओळखायची कशी? एक सोपी खूण आहे. नम्र माणूस काम करतो आणि ते दुरुस्तीसाठी पुढे ठेवतो. भ्यालेला माणूस काम करत नाही, किंवा केलेले लपवून ठेवतो. नम्र माणूस म्हणतो, “एवढे जमले, चुकले असेल तर सांगा.” भ्यालेला म्हणतो, “मला जमतच नाही.” दुसरे वाक्य ऐकायला जास्त नम्र वाटते, पण त्यात कोणालाही काही दुरुस्त करायची संधीच नसते.

आपल्याकडे हाताने पोथ्या उतरवून काढण्याची मोठी परंपरा होती. पोथी लिहून झाली की लेखनिक शेवटी चार शब्द स्वतःचे लिहीत असे. पोथी कुठे आणि कधी लिहून पूर्ण झाली ते सांगे, आणि काही शुद्ध-अशुद्ध राहिले असेल तर दोष देऊ नका, अशी वाचकाला विनंती करत असे. ही विनंती त्याने कुठे केली आहे ते बघा. पोथीच्या शेवटी! आधी शेकडो पाने लिहिली, मग क्षमा मागितली. आपण उलट करतो. क्षमा आधी मागतो आणि पोथी लिहीतच नाही.

‘लेखक’ म्हणजे कोण?

या शब्दाची आपण उगाच धास्ती घेतली आहे. लेखक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरस्कार, शाल-श्रीफळ, संमेलनाचे व्यासपीठ येते. शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे. जो लिहितो तो लेखक. ‘वाचक’ म्हणवून घ्यायला आपल्याला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही. घरी रोज चार माणसांचा स्वयंपाक करणारी व्यक्ती ‘मला कुठे स्वयंपाक येतो, मी काही हॉटेलात आचारी नाही’ असे म्हणत नाही. जमिनीचा अर्धा एकर तुकडा कसणाराही शेतकरीच असतो.

म्हणजे लेखक असणे ही आधी मिळवायची पदवी नाही. ते एक काम आहे, आणि ते करत असताना माणूस तो असतो. चांगला की बरा, हा पुढचा प्रश्न. तो कामातूनच सुटतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसाठी दिला आहे. तो जरूर वाचा. त्यात प्रतिभेची चर्चा नाही. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, शाई काळी असावी, ओळी सरळ याव्यात, कागदाच्या कडेने जागा सोडावी, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत हात एकसारखा राहावा, असे सांगणे आहे. तो काळ पोथ्या हाताने उतरवण्याचा होता, म्हणून हे नियम अक्षराचे आहेत. पण समर्थांनी सुरुवात कुठून केली हे आपल्याला आजही उपयोगी आहे. जे हाताला करता येते, सरावाने सुधारता येते, तिथून त्यांनी सुरुवात केली. विश्वासही तिथूनच सुरू होतो.

चार शंका आणि चार आयुष्ये

लिहायला बसताना मनात ज्या शंका येतात त्या बहुतेक सर्वांच्या सारख्याच असतात. त्यांची उत्तरे आपल्याच देशातल्या माणसांनी जगून दिली आहेत.

पहिली शंका: “माझी भाषा शुद्ध नाही.” आपल्या परिवारातले अनेक मराठी साधक इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली अशा ठिकाणी वाढलेले आहेत. घरी मराठी, शाळेत दुसरीच भाषा, बोलताना दोन्हींची सरमिसळ. त्यामुळे ‘आमचं मराठी छापण्यासारखं नाही’ असे त्यांना वाटते. महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेल्यांनाही तेच वाटते.

त्यांनी बहिणाबाई चौधरींना आठवावे. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या आपल्या लेवा गणबोलीत ओव्या रचत. पुस्तकी मराठीत बोलायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यांतल्या काही रचना लिहून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण जे कोणी लिहून घेतले नाही, ते त्यांच्याबरोबरच गेले, हेही विसरू नका. तुमच्या बोलीतले शब्द तुम्हीच लिहिले नाहीत तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

दुसरी शंका: “माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहेच काय?” एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये राससुंदरी देवी नावाची एक गृहिणी होऊन गेली. मोठे कुटुंब, बारा बाळंतपणे, सकाळपासून रात्रीपर्यंत चूल. बायकांनी वाचणे त्या काळी पापच समजले जाई. पण ‘चैतन्य भागवत’ स्वतः वाचावे अशी त्यांना ओढ लागली. त्यांनी पोथीचे एक पान काढून स्वयंपाकघरात लपवले, मुलाच्या अक्षरगिरवणीचे ताडपत्र मिळवले आणि अक्षराला अक्षर जुळवत त्या चोरून वाचायला शिकल्या. लिहायला त्या कितीतरी उशिरा शिकल्या. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलाने ‘आई, तू माझ्या पत्रांना उत्तर का देत नाहीस’ म्हणत कागद, दौत आणि लेखणी आणून दिली, तेव्हा.

पुढे त्यांनी ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र लिहिले. बंगालीतल्या पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात लढाया नाहीत, मोठ्या पदव्या नाहीत. एका बाईचे घर आहे, तिची भक्ती आहे आणि अक्षरांसाठी तिने केलेली धडपड आहे. ज्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही नाही असे तिच्या आसपासच्या कोणालाही वाटले असते, तेच आयुष्य आज लोक अभ्यासतात.

तिसरी शंका: “मी अजून साधनेत कच्चा आहे. आज लिहीन ते उद्या मलाच पटले नाही तर?” ही शंका महात्मा गांधींनाही एका स्नेह्याने बोलून दाखवली होती. आज ज्या गोष्टी तत्त्व म्हणून मांडाल त्या उद्या सोडून द्याव्याशा वाटल्या तर काय कराल, आणि तुमच्या शब्दावर विसंबून चालणाऱ्यांचे काय होईल, असा त्याचा रोख होता. गांधीजींनी आत्मकथेच्या प्रस्तावनेतच ही गोष्ट सांगितली आहे. शंकेचा परिणाम त्यांच्यावर झाला. पण लिहिणे त्यांनी थांबवले नाही. लिहिण्यामागची भूमिका नेमकी केली. आपण अंतिम निष्कर्ष सांगत नसून सत्याचे जे प्रयोग केले त्यांची हकिगत सांगत आहोत, असे त्यांनी ठरवले. १९२५ सालापासून ‘नवजीवन’ साप्ताहिकात गुजरातीत ती प्रकरणे येऊ लागली.

तुम्हीही एवढेच करायचे आहे. ‘क्रोध कसा जिंकावा’ हे लिहिण्याचा अधिकार कदाचित तुमच्यापाशी नसेल. ‘गेल्या मंगळवारी मला राग आला तेव्हा मी काय केले’ हे लिहिण्याचा अधिकार मात्र तुमच्याइतका कोणालाच नाही.

चौथी शंका: “थोरांनी सगळे लिहून ठेवले आहे. त्यात मी काय भर घालणार?” ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानेश्वर माउलींनी याच प्रश्नाला हात घातला आहे. व्यासांसारख्यांनी जिथे पाऊल टाकले तिथे आपण मराठीत बोलावे का? त्यांनी राजहंसाचा दृष्टान्त दिला आहे. राजहंसाची चाल सुंदर असते, पण म्हणून बाकीच्यांनी चालूच नये असे आहे काय, असा त्याचा आशय. हे माउलींनी लिहावे! मग आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे की थोरांच्या भीतीने आम्ही एक पाऊलही टाकले नाही?

आणि ज्यांना वय झाले असे वाटते, त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हातात घ्यावे. शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. हे पुस्तक १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. बोलल्यासारखे लिहिले आहे, स्वतःच्या फजितीवर हसत लिहिले आहे. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते गणले जाते.

विश्वास कसा येतो: एक छोटा अभ्यास

वरची उदाहरणे वाचून आज उत्साह वाटेल आणि परवा तो उतरेल. म्हणून उत्साहावर विसंबू नका. पोहण्याचा विश्वास काठावर बसून येत नाही, तसाच हाही येत नाही. पुढचे सहा आठवडे एवढे करून पाहा.

१. वेळ आणि जागा ठरवा. सायंप्रार्थनेनंतरची वीस मिनिटे पुरेत. वही तिथेच ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत. ज्यांचा हात चालत नाही त्यांनी फोनवर बोलून मजकूर उतरवावा, किंवा नातवंडाला लिहून घ्यायला सांगावे.

२. एका वेळी एकच प्रसंग लिहा, एक पान. पूर्ण जीवनकथा लिहायला घेऊ नका.

३. निष्कर्ष लिहू नका, घडले ते लिहा. याचे उदाहरण पाहू. समजा एक भगिनी लिहिते: “सासूबाईंच्या आजारपणात मला सेवेचे महत्त्व समजले आणि माझा अहंकार गळून पडला.” वाक्यात काही चूक नाही, पण ते कोणीही लिहू शकते. आता तिने असे लिहिले तर: “सासूबाई तीन महिने अंथरुणाला खिळून होत्या. सकाळी त्यांचे अंग पुसताना माझ्या तोंडी नाम असायचे, पण खरे सांगायचे तर डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे असायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, ‘घाई असेल तर राहू दे गं, मी पडते अशीच.’ दुसऱ्या दिवशी मी ते घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत लावले.” इथे ‘अहंकार’ हा शब्द नाही, ‘सेवा’ही नाही. पण वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. हे चार ओळींचे लिखाण करायला प्रतिभा लागली नाही. खरे बोलण्याचे धैर्य लागले.

४. लिहिलेले त्याच दिवशी तपासू नका आणि फाडू तर मुळीच नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडा. जिथे स्वतःलाच कंटाळा येतो तिथे काट मारा.

५. एका विश्वासाच्या माणसाला ऐकवा. ‘आवडले का?’ असे विचारू नका. तो ‘छान आहे’ म्हणेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. तीन गोष्टी विचारा: काय लक्षात राहिले? काय कळले नाही? कुठे लक्ष सुटले? उत्तर ऐकताना खुलासे देऊ नका, फक्त टिपून घ्या.

६. दुरुस्त करून स्वच्छ उतरवा आणि खाली स्वतःचे नाव व तारीख घाला. ही शेवटची पायरी टाळू नका. नाव घालणे म्हणजे मिरवणे नाही. ‘हे मी लिहिले आहे, चूक असेल तर ती माझी आहे’ असे त्यातून आपण सांगतो.

सहा आठवड्यांनी तुमच्याकडे चार-पाच पाने असतील. त्यांतले एखादे बरे उतरलेले असेल. ते वर्गात वाचा किंवा अंकासाठी द्या. आपण लेखक आहोत की नाही, हा प्रश्न तोपर्यंत पुष्कळसा मागे पडलेला असेल, कारण पुढच्या पानात काय लिहायचे हा प्रश्न त्याची जागा घेईल.

दोन सावधानतेच्या गोष्टी

अनुभव लिहिताना तो थोडा मोठा करून सांगण्याचा मोह होतो. रडू आले नसेल तरी ‘अश्रू वाहू लागले’ असे लिहावेसे वाटते. साध्या योगायोगाला चमत्काराचा रंग चढतो. इथे साधकाने कडक राहावे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या लीळा गोळा केल्या, तेव्हा ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून लिहिल्या. एकाच लीळेची आठवण दोघांनी वेगवेगळी सांगितली तर लीळाचरित्रात त्याची नोंद आढळते. श्रद्धेने लिहिणाऱ्यानेच सत्याबद्दल सर्वांत जास्त जागरूक असायला हवे. आठवत नसेल तर ‘नक्की आठवत नाही’ असे लिहावे. दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिसाद. तुमचा लेख परत येईल, किंवा छापून येईल आणि कोणी एका शब्दानेही बोलणार नाही. या दोन्ही गोष्टी होतातच. त्या दिवशीही ठरलेल्या वेळी वहीपाशी बसा. फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याबद्दल आपण इतके ऐकतो. त्याची रोजची परीक्षा इथे होते. कौतुक झाले तर त्या दिवशीही तेच करा.

आजचा संकल्प

तुकाराम महाराजांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली, ही कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. परंपरा सांगते की ती वर आली. आपण न लिहिलेली पाने मात्र कोणत्याही नदीतून वर येत नाहीत.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात आज कोणीतरी असेल ज्याच्या आठवणी अजून कागदावर आलेल्या नाहीत. कदाचित ते तुमचे वडील असतील, शेजारच्या काकू असतील, कदाचित तुम्ही स्वतः असाल. या आठवड्यात त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. एक प्रसंग विचारा आणि एक पान लिहा. खाली तारीख घाला, तुमचे नाव घाला. आणि संकोच वाटलाच तर त्या जुन्या लेखनिकासारखी पानाच्या शेवटी क्षमा मागा. पण आधी पान लिहा.

मी आजोबांच्या उरलेल्या चार-पाच गोष्टी आता लिहून काढल्या आहेत. दाराआड रडणाऱ्या त्या बाईचे गाव कोणते, हे मला लिहिता आले नाही. तिथे मी रिकामी जागा सोडली आहे.